रिपोर्ट 'पास' आला, पण तपासलं काय होतं?



आटा, हळद, मसाले, साबण, केसांचं तेल... यातलं काहीही विकायचा विचार असेल, तर आजचा विषय तुमचाच. आणि गोष्ट आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली.

डिसेंबर २०२४ च्या शेवटी शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुळासकट हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! आकडा १८ गावांत २७९ वर गेला. आधी बोट गेलं शॅम्पूकडे, मग पाण्याकडे. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले खरे, पण तेवढ्यानं केसांचा उलगडा होईना.

मग डॉ. हिंमतराव बावस्कर आले. हो, विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगाला माहीत असलेले, महाडचे. त्यांनी रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू ठाण्याच्या खाजगी लॅबमध्ये तपासून घेतला. गव्हात सेलेनियम निघालं किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम, आणि लॅबच्या हिशोबानं ते १.९ च्या वर जायला नको होतं. आता तुम्हीच गणित करा. पाव किलो पिठाच्या पोळ्या म्हणजे साडेतीन मिलिग्रॅमच्या वर. मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा साधारण ०.४ मिलिग्रॅम धरतात! हा गहू पंजाबकडून आल्याचं बावस्करांनी सांगितलं. गहू नेमका कुठला यावर पुढे वादही झाला. आपल्याला त्या वादात पडायचं नाही.

आपला मुद्दा वेगळा आहे. याच गव्हाचा आटा तुम्ही पॅक केला असता आणि नेहमीची तपासणी केली असती, तर? ओलावा, राख, ग्लूटेन, आम्लता. सगळं पास झालं असतं! कारण सेलेनियम कोणी विचारलंच नसतं. लॅब विचारलं तेवढंच सांगते.

असं मूलद्रव्य मोजतात कसं? पीठ नायट्रिक ॲसिडमध्ये उष्णता आणि दाब देऊन पूर्ण विरघळवतात. ते पाणी आयसीपी-एमएस मशीनमध्ये आर्गॉनच्या धगधगत्या प्लाझ्मातून जातं आणि वजनावरून एकेक मूलद्रव्य मोजलं जातं. पण मशीन असली म्हणजे झालं असं नाही बरं का. पद्धत आधी सिद्ध करावी लागते. पिठात ठरावीक सेलेनियम मुद्दाम मिसळायचं, आणि तेवढंच परत सापडतं का ते बघायचं. निम्मंच सापडलं तर पद्धत कच्ची.

म्हणून लॅबला पैसे भरायच्या आधी एनएबीएल प्रमाणपत्रासोबतचा 'स्कोप' मागा. त्यात तुमचा पदार्थ आणि तुमची चाचणी, दोन्ही आहेत का? नुसता लोगो बघून भुलू नका. हळदवाल्यांनी शिसं खास लिहून मागा, कारण पिवळेपणासाठी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात. रिपोर्टवर 'आढळले नाही' असेल तर किमान किती असतं तर सापडलं असतं, हेही विचारा. सँपल एकाच पोत्याच्या तोंडाशी भरू नका, सगळ्या पोत्यांतून थोडं थोडं काढून मिसळा.

आणि प्रत्येक लॉटचं एक सीलबंद पाकीट, नंबर टाकून, एक्स्पायरी होईपर्यंत स्वतःकडे ठेवा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की लॅबला द्यायला तेच कामी येतं.