डेपोची जागा मे महिन्यात पाहू नका

पुण्यात कोथरूडचा ‘कचरा डेपो’ अजून लोकांच्या तोंडी आहे. कचरा तिथून केव्हाच हलला. आता त्या जागेवर मेट्रोचा डेपो आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून कचऱ्याच्या गाड्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळल्या. पुढे तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं आणि या गावांवर टँकरची वाट पाहण्याची वेळ आली.

डेपो आणि विहीर यांचं हे नातं जमिनीखाली जुळतं. भाजीची देठं, शिळं अन्न ढिगात सडतं, वरून पाऊस मुरतो आणि तळातून काळपट, उग्र वासाचं पाणी सुटतं. हे लीचेट. त्यात क्षार असतात, अमोनिया असतो, कधी जड धातूही. दख्खनचा काळा पाषाण वरून अभेद्य वाटतो, पण विहीर खणणाऱ्याला विचारा: पाणी लागतं ते खडकाच्या भेगांत. ज्या भेगांतून विहिरीला पाझर फुटतो, त्याच वाटेने लीचेटही येतं.

म्हणूनच 2016 च्या घनकचरा नियमांनी भरावभूमीसाठी, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेसाठी, अंतरं ठरवून दिली: नदीपासून 100 मीटर, तळं, वस्ती आणि पिण्याच्या विहिरीपासून 200 मीटर. तळाशी 90 सेंटीमीटर चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर. ही माती इतकी घट्ट असावी की तिच्यातून वर्षभरात जेमतेम 3 सेंटीमीटर पाणी झिरपावं, अशी अट होती. जुन्या डेपोंवर यातलं काहीच नव्हतं. मोकळ्या जमिनीवर गाड्या रिकाम्या होत राहिल्या.

नकाशावर 200 मीटरचं वर्तुळ काढणं सोपं आहे. मात्र भेगेतलं पाणी वर्तुळ पाहून थांबत नाही. उतार कुठे आणि भेगा कोणत्या दिशेच्या, यावर सगळं ठरतं. त्याच नियमांतली दुसरी अट मला जास्त मोलाची वाटते: भूजलाची सर्वांत उंच पातळीसुद्धा मातीच्या थराच्या तळापासून किमान 2 मीटर खाली हवी. सर्वांत उंच, म्हणजे पावसाळ्यातली. मे महिन्यात विहिरीत डोकावलं तर तळ दिसतो, जागा अगदी योग्य वाटते. सप्टेंबरात तीच विहीर काठोकाठ भरलेली असते.

तुमच्या गावाजवळ डेपोची जागा ठरत असेल, तर हरकत नोंदवताना एक कागद जरूर मागा: आसपासच्या विहिरींची पावसाळ्यानंतरची पाणीपातळी.