एका लिचीचे साडेपाच लाख

२००२ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, झेंगचेंगमध्ये, एका लिचीचा लिलाव झाला. पेटीचा नव्हे, एका फळाचा. बोली थांबली ५ लाख ५५ हजार युआनवर! फळ होतं ‘ग्वालू’ जातीचं, लाल सालीवर हिरवी रेघ असलेलं, आणि ज्या झाडावरून ते उतरवलं त्याचं वय सुमारे ४०० वर्षं.

एका झाडाचं एवढं कौतुक कशासाठी? कारण लिचीची प्रत्येक नामांकित जात म्हणजे मुळात एकच झाड. हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच असं नाही, तसंच लिचीच्या बीचं. म्हणून शेतकरी गुटी बांधतात. फांदीवरची सालीची कडी काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि मुळं फुटली की फांदी कापून जमिनीत लावायची. कुणाच्या तरी नजरेत भरलेलं एखादं झाड असं शेकडो वर्षं, हजारो बागांत जगत राहतं.

चीनमध्ये ही निवड फार जुनी. साय शियांग या अधिकाऱ्याने १०५९ साली लिचीवर पुस्तक लिहिलं, त्यात ३२ जाती नोंदवल्या आहेत. ‘फेइत्झशियाओ’, म्हणजे ‘राणीचं हसू’, ही आजची लाडकी जात. साल अर्धी हिरवी असतानाच ती गोड होते. नाव आठव्या शतकातल्या यांग ग्वेफेई या राणीवरून आलं. तिच्यासाठी दक्षिणेतून घोडेस्वार लिची घेऊन दौडत, असं सांगतात. घाई करावीच लागे, कारण झाडावरून उतरवलेल्या लिचीची साल दोन-तीन दिवसांत तपकिरी पडते.

‘नुओमित्स’ या जातीची गंमत वेगळी. लिची आपल्या रिठ्याच्या कुळातली. तिच्यात आपण खातो तो पांढरा गर म्हणजे बीवर चढलेलं रसाळ आवरण. या जातीत बीमधला गर्भ बहुधा वाढीच्या सुरुवातीलाच मरतो. बी सुकून चपटी, बारीक राहते. चिनी लोक तिला ‘कोंबडीची जीभ’ म्हणतात. आवरण मात्र भरतच जातं. बी बारीक आणि गर भरपूर! आपल्याकडची ‘बेदाना’ याच गुणामुळे भाव खाते.

भारतात मान मुझफ्फरपूरच्या ‘शाही’चा. तिला गुलाबासारखा वास आहे आणि २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मागून पिकणाऱ्या ‘चायना’ जातीची साल ‘शाही’पेक्षा कमी तडकते. ‘बोंबाई’ नावाची जात मात्र मुंबईत नव्हे, पश्चिम बंगालमध्ये पिकते. भारत-चीनबाहेरही लिची पिकते: मादागास्करच्या लिच्या तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात आणि जहाजाने युरोपच्या नाताळ बाजारात जातात.

या गोतावळ्याचं मूळ २०२२ साली उलगडलं. शास्त्रज्ञांनी ‘राणीच्या हसू’चा जनुकसंच वाचला, तर त्यात दोन बऱ्याच वेगळ्या वंशांच्या खुणा निघाल्या. माणसाने रानटी लिची एकदा नव्हे, दोनदा माणसाळवली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे: लवकर पिकणारी युनानमध्ये, उशिरा पिकणारी हायनान बेटावर. पुढे दोन्हींचा संकर झाला.

तेव्हा यंदा लिची घेताना नुसता भाव विचारू नका, जातही विचारा. मेच्या उत्तरार्धात ‘शाही’ मागा, जूनमध्ये ‘चायना’. दोन्ही चाखून पाहा, फरक जिभेलाच कळेल.