बाभळीचं पेन

लाकडी पेन हातात भरीव वाटतं, पण त्याच्या टोकाशी लाकडाची जाडी एक मिलिमीटरही नसते. आत सात मिलिमीटर व्यासाची पितळी नळी आणि तिच्यावर चिकटलेली लाकडाची पातळ भिंत. एवढं पातळ लाकूड वेगानं फिरत असताना न तडकता उरवायचं, ही पेन कातण्याच्या छंदाची खरी परीक्षा. नळ्या, टोक, क्लिप आणि रिफिल असा संच तयार मिळू लागल्यापासून गेल्या काही दशकांत जगभर अनेकजण घरच्या छोट्या लेथ मशीनवर पेनं कातू लागले आहेत. आपल्याकडेही संच मिळतात. मात्र संचाबरोबर परदेशी लाकडाचे तुकडेही मागवायचे, हे अकलूजमध्ये बसून मला पटत नाही.

अकलूज म्हटलं की लोकांना साखर कारखाना, घोडेबाजार आणि लावणी स्पर्धा आठवतात. मला इथलं बाभळीचं लाकूडही आठवतं. नीरेच्या पाण्यावर आमच्या माळशिरस तालुक्यात ऊस वाढला आणि तो वाहायला बैलगाड्या लागल्या. बलुतेदारीपासून गावाची गाडी आणि अवजारं सांभाळणारा सुतार चाकाला बाभूळच निवडायचा. ती जड, चिवट, दणके सोसणारी. पुढं टायरच्या गाड्या आणि ट्रॅक्टर आले. लाकडी चाकं गोठ्यामागं पडली, त्यातली बरीच चुलीत गेली.

त्या चाकाचा आरा म्हणजे पेनासाठी तयारच ठेवलेलं लाकूड. आऱ्यावर भार येतो, म्हणून सुतार त्यासाठी सरळ रेषांचं लाकूड बघून घेतो. सरळ रेषेच्या लाकडात ड्रिल भरकटत नाही. दुसरं म्हणजे ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. ओलं लाकूड वाळताना आकसतं, आतलं पितळ आकसत नाही, आणि महिन्याभरात सुंदर पेनाला उभी चीर पडते. सोलापूरच्या उन्हाळ्यांनी हे वाळवण्याचं काम आधीच करून ठेवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. लोखंडी धाव किंवा खिळा जिथं बाभळीला टेकलेला असतो, तिथं लाकूड निळं-काळं पडतं. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून तर तिची साल चामडं कमवायला वापरत. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस वापरून जी काळी शाई करत, तिच्यामागेही हीच क्रिया होती. तो डाग कापून टाकू नये, पेनाच्या अंगावर दिसेल असा ठेवावा. फक्त आत मोडका खिळा राहिलेला नाही ना, हे चुंबक फिरवून बघावं. नाहीतर पटाशीची धार जाते आणि डोळ्यालाही धोका होतो.

काम असं चालतं. नळीपेक्षा किंचित लांब असे दोन तुकडे करवतीनं कापायचे, मधोमध भोक पाडायचं, खरबरीत केलेली नळी सुपरग्लूनं बसवायची, दोन्ही टोकं काटकोनात साफ करायची. मग दोन्ही तुकडे सळईवर ओवून लेथवर चढवायचे. शेजारी लावलेले धातूचे बुश सांगतात की कुठवर कातायचं. आधी गोल पटाशीनं चौकोनी तुकडा गोल करायचा, शेवटी तिरक्या पटाशीनं हलका हात. इथं घाई केली की कड उडते. भुसा उडण्याऐवजी लांब सलग साल निघू लागली, की धार आणि हाताचा कोन जमला असं समजावं. पुढं पॉलिशपेपर, मग लाखेचं पॉलिश. ते कागदी रुमालानं लावावं. कापड फिरत्या लाकडात गुंततं आणि बोट ओढून नेतं.

हे लाखेचं पॉलिश नव्या छंदाबरोबर आलेलं नाही. महाराष्ट्रातला कातारी लाटणी आणि खेळणी कातत आला, तेही विजेविना, कमानीच्या दोरीनं लाकूड मागं-पुढं फिरवत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी अजून होतात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात; घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते आणि केवड्याच्या पानानं तिला चकाकी येते. पेन कातणारा स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख घासतो, तेव्हा तो याच घराण्यातला असतो. हातानं कातलेल्या पेनाला आपल्या देशात मानही आहे. के. व्ही. रत्नम यांनी आंध्रातल्या राजमहेंद्रीत १९३२ च्या सुमारास स्वदेशी फाउंटन पेनं करायला घेतली, आणि १९३५ साली गांधीजींनी त्यांच्या पेनाला पत्रानं पसंती कळवली. ती पेनं एबोनाइटची होती, पण कातलेली लेथवरच.

बाभळीखेरीज चिंचेचा जुना गाभाही जांभळट तपकिरी निघतो, तोही करून पाहावा. पण त्यासाठी उभं झाड तोडू नये. चिंच, आंबा, साग ही झाडं तोडायला १९६४ च्या राज्याच्या कायद्यानुसार परवानगी लागते, आणि पेनाला हाताएवढं लाकूडही लागत नाही. शिसवाचा भुसा अनेकांना त्रास देतो, तेव्हा मास्क आणि चष्मा कुठल्याही लाकडाला हवाच. सैल बाह्या घालून लेथजवळ जाऊ नये.

एका आऱ्यात तीन-चार पेनांचं लाकूड निघतं. तुमच्या गोठ्यामागं एखादं जुनं चाक पडलेलं असेल, तर ते भंगारात किंवा चुलीत घालण्याआधी एक आरा काढून सुतारमेटावर नेऊन द्या, किंवा घरातल्या हौशी पोराच्या हाती ठेवा.