स्किझोफ्रेनियावरील नव्या औषधाचा शोध: मेंदूतील प्रथिनांच्या मागावर

स्किझोफ्रेनियावरील पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयांत वापरात आले. त्यानंतर या आजारावर अनेक औषधे आली. परंतु सुमारे सत्तर वर्षे त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचा रोख मेंदूतील एकाच प्रथिनावर होता. डोपामिन या रसायनाचा संदेश स्वीकारणारे हे प्रथिन डी-२ रिसेप्टर म्हणून ओळखले जाते. त्याला पर्याय शोधण्याच्या प्रयत्नांत अमेरिकेतील ॲन आर्बर या विद्यापीठनगरीचा वाटा मोठा आहे.

पर्यायाची गरज का भासते, हे रुग्णांचे कुटुंबीय जाणतात. 'देवराई' (२००४) या चित्रपटाने या आजाराचे घरातील रूप मराठी प्रेक्षकांसमोर आणले. डी-२ रिसेप्टर रोखणाऱ्या औषधांनी भास आणि भ्रम कमी होतात. मात्र निरिच्छता, भावनांचा कोरडेपणा, एकाग्रता व स्मरणशक्तीतील उणीव यांवर त्यांचा फारसा प्रभाव पडत नाही. नोकरी, शिक्षण आणि नातेसंबंध बहुधा याच लक्षणांमुळे तुटतात. शिवाय सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही.

भूल देणाऱ्या औषधातून मिळालेला धागा

पार्क-डेव्हिस कंपनीने १९५६ मध्ये भुलीसाठी फेन्सायक्लिडिन हे रसायन तयार केले. ते दिलेल्या माणसांत स्किझोफ्रेनियासारखी लक्षणे दिसतात, असे डेट्रॉइटमधील मनोविकारतज्ज्ञांनी १९५९ मध्ये नोंदवले. त्याचेच सौम्य भावंड म्हणजे केटामिन. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचे औषधशास्त्रज्ञ एडवर्ड डॉमिनो यांनी १९६४ मध्ये ते प्रथमच माणसांना, तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांना, देऊन पाहिले.

ही दोन्ही रसायने ग्लुटामेट या संदेशवाहकाचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर बंद पाडतात, हे १९८० च्या दशकात उलगडले. निरोगी स्वयंसेवकांना केटामिन अल्प प्रमाणात दिल्यास भ्रमाबरोबर निरिच्छता आणि विचारांतील विस्कळीतपणाही दिसतो. डोपामिनच्या सिद्धान्तातून न सुटणारी लक्षणे येथे समजावून घेता येत होती. साहजिकच, डी-२ शिवाय इतर प्रथिनेही औषधाचे लक्ष्य ठरू शकतील, या विचाराला बळ मिळाले.

कारण कोणते, परिणाम कोणता?

असे लक्ष्य शोधण्याचा एक मार्ग म्हणजे रुग्णांच्या मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचा अभ्यास. कोणते प्रथिन कमी आणि कोणते अधिक, हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजता येते. अडचण मोजमापानंतर सुरू होते. त्या व्यक्तीने वर्षानुवर्षे औषधे घेतलेली असतात; दिसणारा बदल आजाराचा, औषधांचा की धूम्रपानासारख्या सवयींचा, हे वेगळे करणे कठीण असते.

आरजीएस-४ या प्रथिनाचे उदाहरण बोलके आहे. रिसेप्टरकडून पेशीच्या आत जाणाऱ्या संदेशाला ते ब्रेक लावते. पिट्सबर्गच्या संशोधकांना २००१ मध्ये रुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागात त्याच्या जनुकाची सक्रियता कमी आढळली. दुसऱ्या प्रथिनाला चिकटून काम करणाऱ्या अशा प्रथिनांना औषधाने रोखणे अवघड मानले जाई. तरीही मिशिगन विद्यापीठातील रिचर्ड न्यूबिग यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये आरजीएस-४ला रोखणारा लहान रेणू जाहीर केला. मात्र मुळातच कमी असलेल्या प्रथिनाला आणखी रोखून स्किझोफ्रेनियात काय साधणार, हा प्रश्न उरला. पुढे मोठ्या जनुकीय अभ्यासांतही या जनुकाचा संबंध टिकला नाही. असे रेणू नंतर पार्किन्सनच्या संशोधनाकडे वळले.

म्हणूनच आता प्रथिनांच्या मोजमापाला जनुकांची साक्ष जोडली जाते. जनुकातील बदल जन्मापासूनच असतो. तो औषधांमुळे उद्भवत नाही. २४ हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा जनुकांतील दुर्मीळ बिघाड आजाराची जोखीम लक्षणीय वाढवतात, असे आढळले. त्यांपैकी ग्रिन-२ए हे जनुक एनएमडीए रिसेप्टरचाच एक भाग घडवते. केटामिन ज्याला बंद पाडते, तेच हे प्रथिन.

लक्ष्य सापडले, तरी औषध दूर

योग्य प्रथिन सापडणे आणि औषध हाती येणे यांत मोठे अंतर असते. एनएमडीए रिसेप्टरला अप्रत्यक्षपणे चालना देऊ पाहणारी बिटोपर्टिन आणि आयक्लेपर्टिन ही औषधे मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. आयक्लेपर्टिनचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

पहिले ठोस यश वेगळ्याच प्रथिनांतून आले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोबेन्फी या औषधाला मान्यता दिली. त्यातील झॅनोमेलिन हा घटक मस्करिनिक एम-१ आणि एम-४ रिसेप्टरना चालना देतो. डी-२ ला रोखत नाही. मुळात अल्झायमरसाठी तयार झालेला हा रेणू पोटाच्या तक्रारींमुळे मागे पडला होता. मेंदूत फारसा न शिरणारे ट्रोस्पियम जोडून या तक्रारी आटोक्यात आणल्या गेल्या. तरीही दोनच महिन्यांत, एम-४ वर काम करणारे एम्राक्लिडिन हे दुसऱ्या कंपनीचे औषध चाचणीत निष्प्रभ ठरले.

कोबेन्फीच्या मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या आणि त्यांत प्रामुख्याने तीव्र झालेल्या आजारातील लक्षणे तपासली गेली. निरिच्छता आणि विस्मरण यांनी थांबलेले आयुष्य पुन्हा सुरू होते का, याचे उत्तर दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांतूनच मिळेल.