गॅस कुठे गेला?

गारव्याचं शास्त्र नाशिकला नवं नाही. निफाड-दिंडोरीच्या बागेतलं निर्यातीचं द्राक्ष खुडल्यावर आधी प्री-कूलिंगच्या खोलीत जातं. घडांत साठलेली शेतातली उष्णता तिथे काही तासांत काढून घेतात आणि मग शून्य अंशाच्या आसपास तापमान राखत माल कंटेनरने निघतो. खोक्यांना भोकं असतात, थप्पीत फट सोडलेली असते. हवा फिरली नाही तर मधलं खोकं गरमच राहणार, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्याच जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरात दिवाळीत मात्र दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे आणि धड न निवलेलं बासुंदीचं पातेलं फ्रिजमध्ये कोंबलं जातं. दोन दिवसांनी तक्रार सुरू होते, ‘कूलिंगच होत नाही.’

मेकॅनिकचं उत्तर बऱ्याचदा तयार असतं : गॅस संपलाय.

फ्रिजमधला गॅस वापराने संपत नाही. कंप्रेसर, कंडेन्सर, बारीक कॅपिलरी आणि फ्रीझरची कॉइल अशा बंद नळ्यांत तो फिरत राहतो. आतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो. नळ्या शाबूत असतील तर वीस वर्षांनीही तो तेवढाच. कमी झालाच असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. तेव्हा पहिला प्रश्न ‘किती घेणार?’ हा नाही, ‘गळतंय कुठे?’ हा.

बरेचदा गळत नसतंच. सगळ्यात फसवी तक्रार डबल डोअर, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची असते : वर बर्फ होतोय, खाली दूध नासतंय. या फ्रिजमध्ये कॉइल फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असते आणि तिच्यावरची गार हवा पंखा खाली ढकलतो. कॉइलवर साचणारं हिम वितळवण्यासाठी टायमर किंवा सर्किट बोर्ड ठरावीक वेळाने हीटर चालू करतो. हीटर जळला, त्याचा फ्यूज गेला किंवा टायमर अडकला की हिमाचा थर वाढत जाऊन हवेची वाट बुजते. आता गंमत बघा. फ्रिज दुरुस्तीला दुकानात जातो, दोन दिवस बंद पडून राहतो, बर्फ आपोआप वितळतो. त्यात गॅसही ‘भरला’ जातो. घरी आल्यावर फ्रिज झकास चालतो आणि श्रेय गॅसला मिळतं. पंधरवड्यात दूध पुन्हा नासतं.

ही परीक्षा घरीच करता येते, फुकट. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दारं उघडी टाकून एक अख्खा दिवस जाऊ द्या. नंतर आठवडाभर खालचा कप्पा नीट गार राहिला आणि मग पुन्हा ढेपाळला, तर दोष बहुधा हिम वितळवणाऱ्या यंत्रणेत आहे. बर्फ सुरीने मात्र कधीही खरवडू नका. सिंगल डोअर फ्रिजच्या फ्रीझरचा ॲल्युमिनियमचा पत्रा हीच कॉइल असते. सुरीचं टोक लागलं की गॅस खरोखरच जातो.

लाइट जाऊन लगेच आली आणि मागून फक्त ‘टिक’ असा आवाज येत राहिला, तर ‘कंप्रेसर बसला’ हे ऐकून घाबरू नका. नळ्यांतला दाब समान व्हायच्या आत कंप्रेसर सुरू होऊ पाहतो आणि ओव्हरलोड हा संरक्षक स्विच त्याची वीज तोडतो. पाच मिनिटं बंद ठेवून चालू करा. तरीही टिकटिक थांबली नाही, तर आधी रिले आणि ओव्हरलोड तपासून घ्या. कंप्रेसरच्या मानाने ते किरकोळ भाग आहेत. कडेच्या भिंती गरम लागतात ही तक्रारही खोटीच. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत कंडेन्सर त्या पत्र्याआतच असतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो; तेव्हा फ्रिज भिंतीला चिकटवलेला असेल तर ही उष्णता जाणार कुठे?

थंडीतला प्रकार याच्या उलट. निफाडचा पारा जानेवारीत पाच अंशांखाली उतरतो. स्वयंपाकघर पहाटे गारठलेलं असलं की फ्रिजच्या कप्प्यातल्या थर्मोस्टॅटला वाटतं, पुरे झालं. कंप्रेसर फारसा चालत नाही आणि फ्रीझरमधलं आईस्क्रीम मऊ पडतं. बिघाड कसलाच नसतो.

गळती खरीच सापडली तर काम नीट करून घ्यावं. नव्या बहुतेक घरगुती फ्रिजांत आर-६०० ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे, त्यामुळे गॅस पूर्ण काढून टाकल्याशिवाय नळीला ज्योत लावणं धोक्याचं. नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचं पाणी लावून भोक शोधायचं, ते बंद करायचं, ड्रायर फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायची आणि मग गॅस वजनकाट्यावर मोजून भरायचा. या गॅसचं प्रमाण साधारण ३० ते ६० ग्रॅम एवढंच असतं. अंदाजाने भरताना दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी बिघडतं. नेमका आकडा आणि गॅसचं नाव फ्रिजवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. तो आकडा आणि गळतीची जागा, दोन्ही बिलावर लिहून मागा.