बेळगावचे जलकुंभ आणि तीनशे फुटांची चढण

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीच्या पठारावर वसले आहे. त्याला पाणी पुरवणाऱ्या दोन जलाशयांपैकी मार्कंडेय नदीवरील राकसकोपची पूर्ण पातळी 2475 फूट, तर घटप्रभेवरील हिडकलची 2175 फूट आहे. या आकड्यांवरूनच शहराच्या पाणीपुरवठ्यातील खरी अडचण लक्षात येते. या भागात पावसाची वानवा नाही, परंतु पडलेले पाणी शहराच्या खाली साठते आणि ते वर चढवल्याखेरीज घरात पोहोचत नाही. चढवलेल्या पाण्याची उंची वाया जाऊ न देता राखून ठेवणारी वास्तू म्हणजे जलकुंभ, अर्थात बोलण्यातली पाण्याची टाकी.

पूर्वीचे बेळगाव प्रामुख्याने विहिरींवर अवलंबून होते. डिसेंबर 1924 मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, अधिवेशन भरले, तेव्हा जमणाऱ्या हजारोंच्या पाण्यासाठी अधिवेशनस्थळी मोठी विहीर खोदण्यात आली आणि ती आजही काँग्रेस विहीर याच नावाने ओळखली जाते. विहिरीला जलकुंभ लागत नव्हता, कारण पाणी वर आणण्याचे कष्ट शेंदणाऱ्याच्या दंडांवर पडत. 1962 मध्ये राकसकोप धरण झाल्यावर हा भार पंपांकडे गेला. या धरणाच्या पाणलोटाचा काही भाग चंदगड तालुक्यात तुडयेच्या बाजूला, म्हणजे महाराष्ट्रात आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असला, तरी तुडयेच्या डोंगरावर पडलेला पाऊस बेळगावच्या नळांना बिनतक्रार येतो.

शहर वाढले आणि राकसकोप अपुरे पडू लागले, म्हणून हिडकलचे पाणी आणण्यात आले. राकसकोपचे पाणी हिंडलग्याच्या पंपगृहातून लक्ष्मी टेकडीवरील जलशुद्धीकरण केंद्राकडे जाते, तर हिडकलचे तुम्मरगुद्दी आणि कुंदरगी अशा टप्प्यांनी उचलून बसवनकोळ्ळच्या केंद्रात आणले जाते. ही दुसरी वाट तीनशे फुटांहून अधिक चढणीची आहे. एक हजार लिटर पाणी तीनशे फूट चढवायला केवळ गणिताने पाव युनिट वीज लागते. पंपांतील गळती आणि नळांतील घर्षण धरले, तर प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच वाढतो. वीज गेली की पाणी बंद, हे समीकरण बेळगावकरांना पाठ आहे ते यामुळेच. निपाणीतही वेगळे घडत नाही, कारण तिथेही वेदगंगेचे पाणी यमगर्णीहून उचलावे लागते.

शुद्ध केलेले पाणी जलकुंभात चढते आणि पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याला साधारणपणे प्रति चौरस सेंटीमीटर एक किलो दाब मिळतो आणि टाकी कितीही मोठी असली तरी हा दाब ठरतो तो केवळ उंचीवर. पहाटे सगळे नळ एकदम सुटतात, दुपारी मागणी ओसरते, पंप मात्र एका संथ गतीनेच चालवणे परवडते, तेव्हा या दोहोंतील तफावत भरून काढणे हे टाकीचे दुसरे काम.

अनेक मोठ्या टाक्यांचा तळ सपाट नसतो. मध्ये वर फुगलेला घुमट आणि कडेला शंकूसारखी उतरती भिंत अशी त्याची रचना असते. घुमट कडेच्या कड्याला बाहेर ढकलतो, शंकू आत ढकलतो आणि दोन्ही रेटे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. ऑटो इंट्झे या जर्मन अभियंत्याच्या नावाने ही रचना ओळखली जाते. टाकीला भरणाचा, पुरवठ्याचा, जादा पाणी सोडणारा आणि गाळ काढणारा असे चार नळ असतात, त्यांपैकी पुरवठ्याचा नळ तळापासून थोडा वर बसवतात, म्हणजे गाळ घरोघर जात नाही. भिंतीवर रंगवलेली मोजपट्टी पाहणाऱ्याला चकवते. आतला तरंगता गोळा वर गेला की दोरीला बांधलेला बाहेरचा काटा खाली उतरतो, म्हणून टाकी भरलेली असताना काटा तळाशी दिसतो.

विजापुरातील आदिलशाही काळातील गंज, म्हणजे पाण्याचे दगडी मनोरे, हे या जलकुंभांचे पूर्वज म्हणता येतील, पण त्यांचे काम निराळे होते. मातीच्या नळांतून येणाऱ्या पाण्याचा वाढलेला दाब तिथे मोकळा होई, त्यामुळे नळ फुटत नसत, आणि गाळही खाली बसे.

बेळगावच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात 2008 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने चोवीस तास पाणी देण्यात येऊ लागले. अनेकांना ही चैन वाटते, पण तो समज चुकीचा आहे. पाणी बंद झाले की नळातील दाब शून्यावर येतो आणि जिथे जोड गळका असेल तिथून आसपासचे सांडपाणी आत शिरू शकते. भरलेला जलकुंभ दाब कायम ठेवून हे टाळतो. मात्र त्यासाठी टाकी भरलेली राहिली पाहिजे आणि वेळच्या वेळी धुतलीही गेली पाहिजे. जादा पाण्याच्या नळातून टाकी वाहताना दिसली, तर शुद्ध केलेले आणि एवढी चढण चढवून आणलेले पाणी गटारात जात आहे असे समजावे आणि वॉर्डातील व्हॉल्व्हमनला किंवा पाणीपुरवठा कार्यालयाला लगेच कळवावे.