म्हणाला, बोलला, सांगितलं

मुंबई-बंगळुरू महामार्ग आणि पौड रस्ता पुण्याच्या चांदणी चौकात भेटतात. तिथंच मुळशी तालुक्यातलं बावधन लागतं. (वाईजवळचं बगाडाचं बावधन वेगळं.) टेकड्यांच्या पायथ्याच्या या गावात आता उंच सोसायट्या झाल्या आहेत आणि एकाच लिफ्टमध्ये दोन-तीन तऱ्हेची मराठी कानावर पडते. पुण्यात वाढलेला सांगतो, 'तो मला म्हणाला'. मुंबईहून आलेला सांगतो, 'तो मला बोलला'. पहिल्याला दुसऱ्याची मराठी खटकते.

यात चूक कोणाची?

मूल वर्षा-दीड वर्षाचं झालं की बोलायला लागतं. पुढे पाढे म्हणतं. शाळेतून आलं की तिथली गंमत आईला सांगतं. तोंडातून शब्द निघणं म्हणजे बोलणं, ठरावीक शब्द उच्चारणं म्हणजे म्हणणं आणि ऐकणाऱ्यापर्यंत काही पोचवणं म्हणजे सांगणं. व्याकरणही वेगळं: 'त्यानं सांगितलं', पण 'तो बोलला', 'म्हणणे' मात्र दोन्हीकडचं, 'तो म्हणाला' आणि 'त्यानं म्हटलं'.

'म्हणणे' आलं संस्कृत 'भण्' धातूवरून, प्राकृत 'भणइ'च्या वाटेनं. लोक पुन्हा पुन्हा म्हणतात ती 'म्हण'ही त्याच घरातली. 'बोलणे'सुद्धा उपरं नाही. बाराव्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात 'कथ्'ऐवजी येणाऱ्या धातूंची यादी दिली, तीत 'बोल्ल' आहे. नवस बोलतात, लग्नाची बोलणी होतात, लिलावात बोली लागते, तबल्याला बोल असतात आणि भांडण झालं की अबोला धरतात.

इंग्रजीतही अशीच वाटणी आहे. त्यातल्या 'टेल'चा जुना अर्थ मोजणं. बँकेतला 'टेलर' नोटा मोजतो तो त्यामुळेच. जर्मनमध्ये 'त्सेलन' म्हणजे मोजणं आणि 'एर्त्सेलन' म्हणजे गोष्ट सांगणं. मराठीतही अर्थ असे सरकतात: 'वाचणे' हे 'वच्' म्हणजे बोलणे या धातूतून आलं.

तेव्हा 'बोलला' हा शब्द अशुद्ध नाही. तरीही ही वाटणी जपायला हवी. 'ती सभेत तासभर बोलली, पण काय म्हणाली ते कळलं नाही' हे वाक्य या वाटणीवरच उभं आहे. दोन्हीकडे 'बोलली' घातलं की त्यातली खोच जाते.

'म्हणणे'चं एक रूप तर फार मोलाचं आहे: 'म्हणे'. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटानं पाडला. स्फोटानंतरही त्याचा काही भाग उभा राहिला. तो यंत्रांनी काढावा लागला. जागून पाहणारा सांगणार, 'पूल पुरता पडला नाही'. सकाळी नुसतं ऐकलेला सांगणार, 'पूल पुरता पडला नाही म्हणे'. बातमी तीच, पण आपण ती पाहिलेली नाही, हे त्या एका शब्दानं कळतं.

बावधनजवळून जाणारा हा महामार्ग कर्नाटकात उतरतो. तिथं कन्नड माणूस ऐकीव गोष्टीच्या शेवटी 'अंते' जोडतो. आपण 'येतो म्हणून सांगितलं' असं म्हणतो, तिथं त्याच्या वाक्यात 'अंत' येतं. तेही मूळचं 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदातूनच निघालेलं. शेजारी राहिलेल्या मराठी आणि द्राविडी भाषांमधल्या अशा साम्यांचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञांनी केला आहे. त्याच रस्त्याच्या मुंबईकडच्या टोकाहून 'तो बोलला' बावधनच्या लिफ्टपर्यंत आलं आहे.